मधली वर्षे

एखादा चित्रपट मनापासून आवडावा, तो पुन्हा पुन्हा पाहावा, घरातल्या मुलाबाळांना समोर बसवून दाखवावा, आणि तरीही त्याच्याविरुद्ध एक तक्रार मनात घर करून राहावी, असे माझ्या बाबतीत एकदाच घडले आहे. हा चित्रपट इंग्लंडमधला आहे, विनोदी आहे, आणि त्याचा नायक म्हणजे एक जुनेपुराणे वाफेचे इंजिन आहे. ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हे त्याचे नाव. लंडनच्या ईलिंग स्टुडिओने तो १९५३ साली पडद्यावर आणला. पटकथा टी. ई. बी. क्लार्क यांची आणि दिग्दर्शन चार्ल्स क्रायटन यांचे. ईलिंगच्या विनोदी चित्रपटांना तोवर जगभर नाव मिळालेले होते; त्यांतला रंगीत असा हा पहिलाच.

सणासुदीच्या दिवशी तक्रारीने सुरुवात करू नये. म्हणून आधी गोष्ट सांगतो, मग तिचे गुण सांगतो, आणि तक्रार शेवटी काढतो.

टिटफील्ड हे एक काल्पनिक खेडे. तेथून मॅलिंगफोर्ड नावाच्या शहरापर्यंत आगगाडीचा एक छोटा फाटा जातो. सरकार ठरवते की, हा फाटा आतबट्ट्याचा आहे, तो बंद करावा. गावात पिअर्स आणि क्रम्प हे दोन भागीदार या क्षणाची वाटच पाहत बसलेले असतात. त्यांचा बसचा धंदा आहे, आणि गाडी गेली की सारे गाव त्यांच्या मुठीत येणार असते. तेव्हा गावचे धर्मोपदेशक सॅम वीच आणि गावचा तरुण जमीनदार गॉर्डन असा बेत करतात की, गाडी आपणच चालवायची. पण पैसा कुठून आणावा? गावात व्हॅलेंटाइन नावाचे एक धनिक आहेत. त्यांना आगगाडीशी काही कर्तव्य नाही. परंतु गुत्ता उघडण्याची कायदेशीर वेळ होईपर्यंत त्यांचा जीव कासावीस होत असतो. धावत्या गाडीतल्या उपाहारगृहाला वेळेचे ते बंधन नाही, एवढे कानावर पडताच ते थैलीचे तोंड मोकळे करतात.

सरकारकडून महिनाभराची परवानगी मिळते. महिन्याच्या अखेरीस तपासनीस येणार, गाडीत बसणार, आणि पसंत पडले तरच कायमचा परवाना देणार. हा महिना म्हणजे चित्रपटाचा गाभा. बसवाले नाना विघ्ने आणतात. तपासणीच्या आदल्या रात्री तर ते गावाचे इंजिन रुळांवरून खाली घालवतात. आता सकाळी गाडी ओढणार कोण? अशा वेळी शहराच्या वस्तुसंग्रहालयात ठेवलेल्या ‘थंडरबोल्ट’ नावाच्या शतकापूर्वीच्या इंजिनाची आठवण होते. रातोरात ते बाहेर काढले जाते. प्रवाशांच्या डब्याऐवजी एका म्हाताऱ्या रेल्वेमनुष्याचे राहते घर, म्हणजे एक जुना डबाच, वाघिणीवर दोरांनी बांधून घेतात. धर्मोपदेशक गाडी हाकतात आणि त्यांचे स्नेही असलेले बिशप महाशय कोळसा टाकतात. वाटेत जे जे बिघडायचे ते ते बिघडते, आणि गाडी जवळजवळ दहा मिनिटे उशिरा पोहोचते. साऱ्यांचे चेहरे पडतात. पण तपासनीस म्हणतो, परवाना मंजूर. आणि तुमचे दैव बलवत्तर, कारण याहून वेगाने आला असता तर अशा हलक्या रेल्वेला घालून दिलेली वेगमर्यादा ओलांडली असती!

हा शेवटचा विनोद मला फार मोलाचा वाटतो. आगगाडीच्या गोष्टीत वेगाचा विजय होतो, हा आपला नेहमीचा अनुभव. येथे विजय होतो तो मंदपणाचा. जे इंजिन धापा टाकत आले, ते धापा टाकत आले म्हणूनच पास झाले. लेखकाने हे केवळ हसवण्यासाठी केलेले नाही. साऱ्या चित्रपटभर तो हेच सांगत आला आहे की, काही गोष्टींची किंमत त्यांच्या वेगावर ठरत नसते. हे त्याने भाषणातून न सांगता एका सरकारी नियमाच्या तोंडून वदवले, यात त्याची हातोटी दिसते.

दुसरा गुण असा की, या गावकऱ्यांना लेखकाने संत केलेले नाही. धर्मोपदेशकाचे रेल्वेवर लहान मुलासारखे प्रेम आहे. जमीनदाराला पूर्वजांचा अभिमान आहे. धनिकाला सकाळची दारू हवी आहे. या तिघांच्या हेतूंतून एक चांगले काम उभे राहते. स्टॅन्ली हॉलोवे या नटाने व्हॅलेंटाइनची भूमिका अशी केली आहे की, त्याच्या स्वार्थाचा आपल्याला राग येत नाही, आणि त्याच्या दातृत्वाने आपण भारावूनही जात नाही. आपल्याकडच्या कितीतरी शाळा, वाचनालये आणि नाटकमंडळ्या अशाच मिश्र हेतूंवर उभ्या राहिल्या, हे कोणत्याही गावातल्या मास्तरला ठाऊक असते.

आणि एक प्रसंग तर मी कधी विसरणार नाही. विरोधक पाण्याची टाकी रिकामी करून टाकतात. इंजिन पाण्यावाचून अडते. तेव्हा गाडीतले प्रवासी उतरतात, जवळच्या शेतावरून हाती लागेल त्या भांड्यात पाणी भरून आणतात आणि इंजिनाला पाजतात. क्षणभर ते इंजिन गोठ्यातल्या जनावरासारखे वाटू लागते. यावेळी गाडीला जुंपलेले इंजिन ‘थंडरबोल्ट’ नव्हे, दुसरे आहे. पण पाण्याचा हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा. माझ्या तक्रारीत पाणी पुन्हा येणार आहे.

काळाने या चित्रपटाला आणखी एक अर्थ दिला. तो निघाला तेव्हा ब्रिटनमध्ये वाफेची इंजिने सर्वत्र धावत होती आणि खेड्यातला फाटा बंद होणे ही अधूनमधून घडणारी गोष्ट होती. दहा वर्षांनी, १९६३ साली, डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. त्यात सुमारे ५,००० मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करावीत अशी शिफारस होती. पुढे ११ ऑगस्ट १९६८ या दिवशी ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची अखेरची खास गाडी धावली. ज्यांनी १९५३ साली पोट धरून हसत हा चित्रपट पाहिला, त्यांनी तो १९६८ नंतर पुन्हा पाहिला असेल, तर हसताना त्यांचे डोळे थोडे ओलावलेही असतील. चांगल्या विनोदाचे हे लक्षण आहे की, तो काळाबरोबर उदास होतो आणि तरी शिळा होत नाही.

आता तक्रार.

संग्रहालयातून ‘थंडरबोल्ट’ बाहेर काढण्याचा प्रसंग प्रेक्षकांना सर्वांत अधिक आवडतो. झोपी गेलेल्या राजकन्येला जागे करावे, तसे ते इंजिन शंभर वर्षांच्या झोपेतून उठते. लाल-हिरव्या रंगात झळाळते. जणू ते जन्मले, गाजले, आणि मानाने थेट संग्रहालयात जाऊन बसले. मधल्या वर्षांविषयी चित्रपट एक अक्षरही बोलत नाही. मधली वर्षे त्याला नसावीतच.

ही चूक मला इतकी का खुपते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मी स्वतः ती केली आहे. माझ्या एका कादंबरीत एक विधवा बाई आहे. नवरा जातो तेव्हा मुलगा कडेवर आहे. पुढच्या प्रकरणात मुलगा वकील होऊन घरी येतो आणि आई त्याला ओवाळते. या दोहोंच्या मध्ये मी एकच वाक्य लिहिले होते : ‘अशीच अठरा वर्षे गेली.’ कादंबरीकाराच्या हाताशी याच्याइतके सोयीचे वाक्य दुसरे नाही. पुस्तक निघाल्यावर एका अनोळखी बाईंचे पोस्टकार्ड आले. स्तुती नाही, निंदा नाही. एवढेच विचारले होते : ‘त्या अठरा वर्षांत ती काय खात होती?’ त्या कार्डाला मला उत्तर लिहिता आले नाही. तेव्हापासून कोणत्याही गोष्टीत नायक एका प्रसंगातून उडी मारून दुसऱ्या प्रसंगात उतरला, की मला ते पोस्टकार्ड आठवते.

‘थंडरबोल्ट’चे काम करणारे इंजिन खोटे नाही. ते खरोखरीचे जुने इंजिन आहे आणि त्याचे खरे नाव ‘लायन’. त्याची मधली वर्षे मी शोधू लागलो, आणि जे हाती लागले ते चित्रपटाच्या कथेहून मला अधिक हलवून गेले.

लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांमधली रेल्वे १८३० साली सुरू झाली. घोड्यांवाचून, वेळापत्रकाप्रमाणे, दोन मोठ्या शहरांमध्ये वाफेच्या बळावर गाड्या चालवणारी ही पहिली रेल्वे. तिच्यासाठी लीड्स गावच्या टॉड, किट्सन अँड लेअर्ड या कारखान्याने १८३८ साली दोन इंजिने बनवून दिली. एकाचे नाव ‘लायन’, दुसऱ्याचे ‘टायगर’. सिंह आणि वाघ! ‘लायन’चा क्रमांक ५७. त्याला पुढे एकमेकांना जोडलेली चार मोठी चाके आणि मागे दोन लहान चाके होती. अशी जोडलेली चाके रुळांवर घट्ट पकड धरतात आणि जड ओझे ओढतात. नावे जंगलच्या राजांची असली तरी काम मालगाडी ओढण्याचे होते. थोरामोठ्यांना घेऊन धावण्याचा मान त्यांच्या वाट्याचा नव्हताच.

त्या काळी इंजिनविद्या इतक्या झपाट्याने पुढे जात होती की, दहा वर्षांचे इंजिन म्हातारे ठरे. ‘लायन’ २१ वर्षे टिकले. १८५९ साली ते रेल्वेने काढून टाकले आणि लिव्हरपूलच्या गोदी मंडळाने विकत घेतले.

गोदीत त्याला काय काम? लिव्हरपूलच्या बंदरात ‘प्रिन्सेस ग्रेव्हिंग डॉक’ नावाची सुकी गोदी होती. सुकी गोदी म्हणजे दगडाने बांधलेला प्रचंड हौद. दुरुस्तीला आलेले जहाज पाण्यासह आत घ्यायचे, दारे बंद करायची आणि हौदातले सारे पाणी उपसून टाकायचे. मग जहाज कोरड्या तळावरच्या ठोकळ्यांवर बसते आणि माणसांना त्याच्या पोटाखाली जाऊन काम करता येते. काम झाले की पाणी पुन्हा आत सोडायचे. पुढचे जहाज आले की पुन्हा उपसायचे. ‘लायन’ला या गोदीवर एका जागी पक्के बसवले. ज्या दट्ट्यांच्या जोरावर पूर्वी मालगाडी ओढली जाई, त्याच दट्ट्यांनी आता पंप चालू लागला. आग तीच, वाफ तीच, धापही तीच. फक्त पुढे जाणे संपले.

हे काम ‘लायन’ने १९२८ सालापर्यंत केले. हिशेब सोपा आहे. रुळांवर २१ वर्षे, पंपावर ६९ वर्षे. ज्या रेल्वेसाठी ते जन्मले, ती कंपनी तर १८४५ मध्येच दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली होती. ‘लायन’ पाणी उपसत राहिले आणि बाहेर राणी व्हिक्टोरियाचे सारे उरलेले राज्य संपले, पहिले महायुद्ध आले आणि गेले. शेवटी विजेचा पंप आला, तेव्हा त्याची सुटका झाली.

मोटेवर चालणारा बैल आपल्यापैकी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. शर्यतीच्या बैलाचे नाव पंचक्रोशीत होते. त्याच्या शिंगांना रंग लागतो, अंगावर झूल पडते. मोटेचा बैल त्याच एका धावेवर जन्मभर पुढे जातो आणि मागे येतो. तो किती कोस चालला याचा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण तो कुठेच गेलेला नसतो. मळा मात्र त्याच्यामुळे हिरवा असतो.

आता खरी गोम पाहा. ‘लायन’च्या जमान्यातली बहुतेक इंजिने मोडून भट्टीत गेली. सोबतचे ‘टायगर’ही राहिले नाही. जी थोडी वाचली त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’. १८२९ साली रेनहिल येथे इंजिनांची स्पर्धा झाली, तीत ते जिंकले. त्याची कीर्ती एवढी की, १८६२ साली ते लंडनच्या संग्रहालयाला देण्यात आले. त्या वेळी ‘लायन’ गोदीवर तिसरे वर्ष पाणी उपसत होते. ‘रॉकेट’ कीर्तीने वाचले. ‘लायन’ वाचले ते राबण्याने. कुणी प्रेमाने जपले असे म्हणावे तर ते खरे नाही. ते उपयोगी पडत होते म्हणून कुणाला ते मोडायचे सुचले नाही. प्रेम आले ते ९० वर्षांनंतर : लिव्हरपूलच्या एंजिनिअर मंडळींना गोदीवरच्या या म्हाताऱ्याची ओळख पटली, क्रू येथील कारखान्यात त्याला पुन्हा इंजिनाचे रूप देण्यात आले आणि १९३० साली त्या रेल्वेच्या शताब्दीत ते स्वतःच्या वाफेवर चालले. मागचा कोळसा-पाण्याचा डबा, म्हणजे टेंडर, तर त्या वेळीच दुसऱ्या जुन्या सामानातून नवा जुळवला. आज दिसणारे त्याचे रूप बरेचसे १९३० चेच आहे. पुढे १९३१ पासून दहा वर्षे ते लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकात चौथऱ्यावर उभे होते.

एवढी गोष्ट हाताशी असताना चित्रपटाने ती टाकली. शंभर वर्षे झोपलेले इंजिन त्याला हवे होते. ६९ वर्षे जागे असलेले इंजिन त्याने घेतले आणि त्याला झोपेचे सोंग घ्यायला लावले. माझी तक्रार ही आहे.

कुणी म्हणेल, मास्तर, विनोदी चित्रपटाकडून इतिहासाच्या पुस्तकाची अपेक्षा का करता? आक्षेप रास्त आहे. क्लार्क यांनी ‘लायन’चे चरित्र लिहिण्याची प्रतिज्ञा केलेली नव्हती. पण त्यांना ही कथा जिथून सुचली, तिथेही हीच गोष्ट होती, हे विशेष आहे. वेल्समध्ये टालिहलिन नावाची अरुंद रुळांची एक रेल्वे आहे. दगडी पाट्यांच्या खाणीसाठी ती १८६० च्या दशकात घातली. १९५० साली तिचे वृद्ध मालक सर हेडन जोन्स वारले, तेव्हा एल. टी. सी. रोल्ट नावाच्या लेखकाने पुढाकार घेतला आणि १९५१ च्या मे महिन्यात हौशी स्वयंसेवकांनी ती गाडी चालवायला घेतली. जगातला हा असा पहिला प्रयोग. त्यांच्या हाती आलेल्या जुन्या इंजिनांपैकी चालू स्थितीत होते एकच, १८६६ सालचे ‘डोल्गॉख’. सोबतचे ‘टालिहलिन’ केव्हाच निकामी होऊन पडले होते. म्हणजे कित्येक वर्षे त्या एका झिजलेल्या इंजिनाने ती सारी रेल्वे जिवंत ठेवली होती. ते तसे राबले नसते तर स्वयंसेवकांना वाचवायला काही उरलेच नसते. क्लार्क यांनी त्या उत्साही माणसांकडून गावकरी घेतले, त्यांची धांदल घेतली, हट्ट घेतला. ‘डोल्गॉख’ मात्र त्यांनी घेतले नाही.

कलावंत वास्तवातून काय निवडतो यावर त्याची परीक्षा होते, आणि काय टाकतो यावरही होते. इथे टाकले गेले ते राबणे.

चित्रपटाच्या चित्रीकरणाची हकीगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात सॉमरसेट परगण्यातल्या कॅमर्टनच्या फाट्यावर ते झाले. हा फाटा आदल्याच वर्षी, १९५१ मध्ये, बंद झालेला होता. मंक्टन कूम या स्थानकावर ‘टिटफील्ड’ची पाटी लागली. कॅमेऱ्यासमोर फाटा वाचला, गावकऱ्यांनी टोप्या उडवल्या. कॅमेरा निघून गेल्यावर काही वर्षांतच तिथले रूळ उखडले गेले आणि स्थानकही पाडले गेले. चित्रपटात वापरलेला विस्बेक अँड अपवेल मार्गावरचा खराखुरा जुना डबाही पुढे मोडीत निघाला. जुने जपावे असे इतक्या गोड रीतीने सांगणाऱ्या चित्रपटाचे स्वतःचे सामानसुमान जपले गेले नाही.

‘लायन’ पुन्हा एकदा वाचले. आणि येथे मला माझ्या तक्रारीला एक पुस्ती जोडली पाहिजे, नाहीतर तो चित्रपटावर अन्याय होईल. चित्रपटातले ते इंजिन ओढून नेलेले नाही. ११४ वर्षांच्या वयात ते स्वतःची वाफ करून चालते आहे. याआधीही त्याने ‘व्हिक्टोरिया द ग्रेट’ (१९३७) आणि ‘द लेडी विथ अ लॅम्प’ (१९५१) या चित्रपटांत काम केले होते, पण एवढी मोठी भूमिका त्याला हीच मिळाली. त्याचा डोलणारा चालण्याचा ठेका, वर फुटणारे धुराचे लोट, चाकांजवळून सुटणारी पांढरी वाफ, हे सारे रंगांत टिपलेले आपल्याला दिसते ते या चित्रपटामुळे. शिवाय एका प्रसंगात मागून येणारे डबे त्याच्यावर आदळतात. ती टक्कर खरीच लागली आणि टेंडरला इजा झाली. तिची खूण त्याच्या धक्क्याच्या तुळईखाली पुढेही तशीच राहिली. म्हणजे इंजिनाच्या आयुष्यातून चित्रपटाने राबण्याची वर्षे पुसली, पण स्वतः मात्र त्याच्याकडून राबवून घेतले आणि आपला एक व्रण त्याच्या अंगावर ठेवला. ‘लायन’च्या मधल्या वर्षांत १९५२ चा तो उन्हाळाही धरला पाहिजे.

शेवटचा मुद्दा आजच्या काळाचा. संग्रहालयाची दारे उघडा, जुने इंजिन बाहेर काढा आणि पळवा, असा या चित्रपटाचा कौल आहे. तो ऐकायला मोहक वाटतो, आणि जगभरच्या रेल्वेवेड्या मंडळींना तो फार काळ मंत्रासारखा पुरला. पण जुने इंजिन पळवायचे म्हणजे काय करायचे? बाष्पपात्रात दाब धरायचा तर झिजलेला पत्रा काढून नवा घालावा लागतो. नळ्या बदलाव्या लागतात. एकेक करीत जुने धातू जातात आणि नवे येतात, आणि ज्याला जपण्यासाठी हे केले तेच हळूहळू नाहीसे होते. ‘लायन’ १९८० साली रेनहिलच्या दीडशेव्या वर्षाच्या सोहळ्यात पुन्हा वाफेवर चालले. त्यानंतर त्याला निवांत ठेवण्याकडेच कल झाला. आता ते २०११ साली उघडलेल्या लिव्हरपूलच्या संग्रहालयात थंड उभे आहे. धावण्याची हौस प्रतिकृतींनी भागवता येते. ‘रॉकेट’ची प्रतिकृती १९७९ साली आणि त्याच रेल्वेच्या ‘प्लॅनेट’ची १९९२ साली तयार झाली, ती त्यासाठीच.

आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर निराळे दिले गेले, आणि तेही ‘लायन’च्या घराण्यातल्याच इंजिनाबाबत. लीड्सच्या त्याच किट्सन यांच्या पुढच्या कंपनीने १८५५ साली ईस्ट इंडियन रेल्वेसाठी ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन बनवले. ते १९०९ मध्ये निवृत्त झाले आणि १९९७ साली पर्यटकांची गाडी घेऊन दिल्लीहून अलवारला पुन्हा धावले. त्या बातमीने मलाही आनंद झाला होता. धावते इंजिन पाहून ज्याला आनंद होत नाही तो माणूस विरळाच. तरीसुद्धा आज माझा कौल लिव्हरपूलच्या बाजूने पडेल. ज्याने ६९ वर्षे एका जागी उभे राहून काम केले, त्याला उभे ठेवण्यात त्याचा अपमान होत नाही. उभे राहण्यातच त्याचे मोठे आयुष्य गेले. त्याच्यासमोर येणाऱ्या पोराला मात्र एवढे सांगितले पाहिजे की, बाळा, हे सिनेमात धावले आणि मालगाड्याही त्याने ओढल्या. पण हे आज तुझ्यासमोर आहे ते पाणी उपसण्यामुळे.

‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हा चित्रपट वाचकांनी जरूर पाहावा. सहकुटुंब पाहावा. प्रवासी भांडी घेऊन पाण्यासाठी धावतात, तो प्रसंग आला की थोडे थांबावे आणि मुलांना लिव्हरपूलच्या गोदीची गोष्ट सांगावी. गावकऱ्यांनी इंजिनाला पाणी आणून दिले, त्याची क्लार्क यांनी इतकी सुंदर नोंद ठेवली. इंजिनाने किती पाणी वाहून टाकले त्याची नोंद आपण तोंडी का होईना, ठेवू.

माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा योग अजून आलेला नाही. आला, तर ‘अशीच अठरा वर्षे गेली’ हे वाक्य काढून तिथे एक प्रकरण घालायचे मी ठरवले आहे. ते लिहून तयार आहे. त्यात ती बाई पहाटे उठून दुसऱ्यांच्या घरचे पाणी भरते.